मदत हवी आहे: डिझेल भट्टीचा बर्नर धूर काढतो, मूस तापायला वेळ लागतो, ओतकामात छिद्रं येतात

मूसवाला:

नमस्कार मंडळी. इचलकरंजीजवळ आमचं ओतकामाचं छोटं शेड आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी आणि एक कारागीर मिळून चालवतो. मागाचे सुटे भाग, पुल्या, पंपाची कव्हरं अशी ॲल्युमिनियमची कामं वाळूच्या साच्यात ओततो.

भट्टी साधी आहे. पत्र्याच्या ड्रमात कास्टेबल (आग सोसणारं सिमेंट) भरून केलेली, आतला व्यास १६ इंच. त्यात २५ किलोची मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, बसते. बर्नर वडिलांच्या हातचा. ब्लोअरची हवा दीड इंची पाइपातून येते, त्या पाइपात वरून तांब्याची नळी सोडलेली आहे. पाच फुटांवरच्या टाकीतून डिझेल त्या नळीने येतं, नळीचं तोंड चेपून बारीक केलंय, तिथून थेंब पडतात आणि हवा त्यांना भट्टीत उडवून नेते. वीस वर्षं असंच चाललंय.

त्रास असा आहे. पहिली वीस मिनिटं काळा धूर निघतो. शेजारच्या सायझिंगवाल्यांचं सूत वाळत असतं, त्यांनी दोनदा येऊन सांगितलं, आणि त्यांचं बरोबर आहे. पहिल्या मुशीतला धातू वितळायला पावणेदोन तास लागतात, तासाला सात लिटर डिझेल जातं. बर्नरसमोरच्या भिंतीवर कोळशाचा गड्डा धरतो, तो दर दोन दिवसांनी सळईने फोडावा लागतो. आणि सर्वात वाईट म्हणजे मशीनिंगला गेलेल्या पुल्या परत येतात. वरून कातडी गुळगुळीत, लेथवर एक कट मारला की आत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं. मागच्या महिन्यात चाळीसपैकी अकरा परत आल्या.

माझा अंदाज आहे की हवेचा दाब कमी पडतोय. मोठा ब्लोअर घ्यावा का? की बर्नरच बदलावा? नवा तयार बर्नर लगेच परवडणार नाही. शेडमध्ये लेथ आहे, वेल्डिंग आहे आणि १ एचपीचा कॉम्प्रेसर आहे. हाताने करण्यासारखं काही असेल तर सांगा.

पंचगंगाकाठ:

भावा, आमच्या शिरोलीच्या शेडात हीच तऱ्हा होती. मोठा ब्लोअर आणला, धूर कमी झाला, पण डिझेल तेवढंच आणि ज्वाला भट्टीच्या झाकणातून वर दोन फूट. म्हणजे पैसा आभाळात. त्यामुळं नुसता ब्लोअर बदलू नको. आधी कुणाकडून तरी हिशोब करून घे.

सलालाकर:

मी ओमानमध्ये बॉयलरवर काम करतो, मूळचा मिरजेचा. मूसवाले, तुमचं लिहिणं इतकं नेमकं आहे की निम्मं निदान त्यातच झालं.

तुम्ही हवेचा दाब म्हणताय. पण बर्नरमध्ये हवा दोन वेगळी कामं करते. एक म्हणजे तेल फोडून त्याचा धुका करणं, त्याला दाब लागतो, हवा थोडीच पुरते. दुसरं म्हणजे ते तेल जाळणं, त्याला दाब जेमतेम चालतो पण हवा भरपूर लागते. तुमच्याकडे दोन्ही कामं एकाच ब्लोअरवर टाकली आहेत आणि तो दोन्हींना अपुरा आहे.

आधी जाळायची हवा बघू. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. लिटरच्या हिशोबात धरा, एका लिटरला १० घनमीटर. तुमच्या सात लिटरला तासाला ७० घनमीटर, आणि प्रत्यक्षात पंधरा-वीस टक्के जादा द्यावीच लागते. आता तुमचा ब्लोअर खरंच किती देतो ते मोजा. २०० लिटरच्या ड्रमात घालायची प्लास्टिकची पिशवी घ्या, पूर्ण दाबून रिकामी करा, बर्नरचा पाइप भट्टीतून बाहेर काढून त्याच्या तोंडाला लावा आणि फुगायला किती सेकंद लागतात ते घड्याळात बघा. नऊ सेकंदांच्या आत भरली तर हवा ठीक. ब्लोअरवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, तो पाइप न लावता मोजलेला असतो.

आता तेल फोडण्याचं. थेंब जळायला लागणारा वेळ त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. थेंब दुप्पट जाड, तर वेळ चौपट. ढोबळमानाने अर्ध्या मिलिमीटरचा डिझेलचा थेंब गरम भट्टीत पाव सेकंद घेतो. तुमच्या पाइपातली हवा सेकंदाला दहा मीटरच्या आसपास तरी असणार, म्हणजे पाव सेकंदात थेंब अडीच मीटर जाईल. तुमची भट्टी सोळा इंचांची! तो थेंब समोरच्या भिंतीवर जाऊन बसतो आणि तिथे भाजून कोळसा होतो. तुमचा गड्डा तो हाच. हाच थेंब दहापट बारीक केला, तर जळायचा वेळ शंभरपट कमी होतो आणि तो वाटेतच संपतो. त्यामुळे चेपलेली नळी काढाच.

स्टोव्हदुरुस्ती:

मी अनेक वर्षं स्टोव्ह दुरुस्त केले, म्हणून एक सांगावंसं वाटतं. १८९२ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये लिंडक्विस्टने प्रायमस काढला, तो वातीशिवाय चालला तो तेल आधी वाफ करून जाळल्यामुळे. आपल्या घरातल्या बाया वाटीत रॉकेल पेटवून बर्नर आधी तापवायच्या, मगच पंप मारायच्या. घाईने आधी पंप मारला की निपलातून ओलं रॉकेल यायचं आणि पिवळा जाळ छताला. नीट तापला की तोच स्टोव्ह निळा, आवाज भरभर. मूसवाले, तुमच्या भट्टीचं पहिल्या वीस मिनिटांत हेच होतंय. भिंती तापल्या की त्या थेंबांची वाफ करतात, तोवर ओलं तेल जळतंय.

ज्वालेत नळीचं वेटोळं ठेवून डिझेलची वाफ करावी का, असा पुढचा प्रश्न येईल. माझं मत, करू नका. रॉकेल त्यात चालतं. डिझेलचा शेवटचा जड भाग ३५० अंशांच्या आसपास उकळतो, त्याआधी तो नळीत चिकटून कोळसा होतो. आठवड्यात नळी बंद पडेल आणि बंद पडलेली गरम नळी धोक्याची.

पंचगंगाकाठ:

एक जण आमच्याकडं जळकं इंजिन ऑइल वापरायचा, फुकटात मिळतं म्हणून. ते चालेल का हो?

सलालाकर:

नको. वापरलेलं इंजिन ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, परवानगीशिवाय जाळता येत नाही. त्यात झिजलेल्या धातूंची भुकटी असते, ती धुरातून शेडातल्या माणसांच्याच छातीत जाते. तळणाचं तेल स्वच्छ असतं, पण घट्ट. घट्टपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात. डिझेल ४० अंशांना २ ते ४.५ सेंटिस्टोक, तर खायचं तेल पस्तीसच्या पुढे. नव्वद अंशांपर्यंत तापवल्याशिवाय ते नोझलमधून नीट फुटत नाही. मूसवाल्यांनी आधी डिझेलच नीट जाळावं.

मूसवाला:

सगळ्यांचे आभार. पिशवी लावली. चौदा सेकंद. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा चौदा.

हिशोब केला तर तासाला ५१ घनमीटर येतात. म्हणजे मी पाच लिटरच्या हवेवर सात लिटर डिझेल घालत होतो. कारागिराला सांगितलं तर तो बराच वेळ त्या पिशवीकडे बघत उभा राहिला. वडिलांना सांगायला जीव होईना, पण तेच म्हणाले, तेव्हा भट्टी लहान होती रे, मूस आठ किलोची होती.

ब्लोअरचं तोंड अडीच इंची आहे. तिथून रिड्यूसरने तोंड लहान करून दीड इंची पाइप, मध्ये तीन एल्बो, म्हणजे काटकोनी वळणं. ते काढून सरळ अडीच इंची पाइप टाकला, फक्त शेवटच्या हातभराला दोन इंची केला. तोच ब्लोअर, पिशवी नऊ सेकंदांत भरली.

आता नोझल कसं करावं ते सांगा. आणि आणखी एक गोष्ट विचारतो, कारण ती मनातून जात नाही. परवा भर कामात लाइट गेली. ब्लोअर बंद, पण टाकी वर असल्याने डिझेल चालूच राहिलं. कॉक बंद करायला कारागिराला अर्धं मिनिट लागलं असेल. लाइट आल्यावर झाकणाच्या भोकातून पांढरी वाफ येत होती. त्याने ब्लोअर लावला आणि पुढच्या क्षणाला झाकण, जे दोघांनी उचलावं लागतं, ते वीतभर उडून तिरकं पडलं. तो दोन पावलं मागे होता म्हणून वाचला. हाताचे केस जळाले. त्या दिवशी पुढे काम केलं नाही.

सलालाकर:

बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी हे करा. नॉर्मली क्लोज्ड सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणा, म्हणजे विजेवर उघडणारा आणि वीज नसताना आपोआप बंद असणारा. तो डिझेलच्या नळीवर बसवा आणि ब्लोअरच्या स्टार्टरलाच जोडा. लाइट गेली की तेल त्याच क्षणी थांबेल. लाइट आल्यावर ब्लोअर आपोआप सुरू व्हायला नको, हाताने बटण दाबल्यावरच व्हावा. व्हॉल्व्हला वेगळं बटणही ठेवा, म्हणजे तेल बंद ठेवून नुसती हवा सोडता येईल.

पांढरी वाफ म्हणजे न जळलेलं डिझेल. काळ्या धुरापेक्षा ती कितीतरी जास्त धोक्याची. भट्टीच्या भिंती लाल असताना ती वाफ आत कोंडलेली असते, फक्त हवेची वाट बघत असते, आणि ब्लोअरने तीच दिली. म्हणून वाफ दिसली की ब्लोअर लावायचा नाही. तेलाचा कॉक हाताने बंद करायचा, सगळ्यांनी लांब व्हायचं आणि वाफ निघून जाईपर्यंत थांबायचं. पेटवताना दरवेळी तेल बंद ठेवून दोन मिनिटं नुसती हवा फिरवायची, मग पेटता बोळा आत, मग तेल. तेल आधी आणि आग नंतर असं कधीही नाही. टाकीपाशी हाताचा कॉक वेगळा हवाच, आणि तो भट्टीपासून लांब, पळायच्या वाटेवर.

नोझल उद्या लिहितो.

सलालाकर:

नोझल. तुमच्याकडे १ एचपीचा कॉम्प्रेसर आहे, तो तेल फोडायला पुरेल. सायफन नोझल या नावाने तयार मिळतं, तेच घ्या. मधल्या भोकातून तेल, भोवतीच्या फिरत्या हवेने ते ओढलं जातं आणि फुटतं. तासाला सहा लिटरचा माप सांगून घ्या, १५ ते २० पीएसआय हवेच्या दाबावर चालवा. स्वतः लेथवर करायचं असेल तर भोकं तंतोतंत एका अक्षावर हवीत, नाहीतर फवारा एका बाजूला झुकतो. टाकी आता वर नको. नोझल स्वतः तेल ओढून घेतं, म्हणून तेलाची पातळी नोझलच्या थोडी खाली राहू द्या. कॉम्प्रेसरची हवा थांबली की तेलही थांबतं, ही दुसरी राखण झाली. तेलाच्या वाटेवर बारीक जाळीचा फिल्टर लावा.

नोझल दोन इंची पाइपाच्या मधोमध धरा आणि त्याच्याभोवती पत्र्याच्या सहा पाकळ्या ४५ अंशांत तिरक्या वेल्ड करा. ब्लोअरची हवा त्यातून गिरकी घेत जाते आणि मध्यभागी थोडी पोकळी होते, तिथे गरम वायू मागे ओढले जातात. ज्वाला त्या जागी धरून राहते, फडफडत नाही. पाइपाच्या तोंडापुढे कास्टेबलचा फुलत जाणारा ठोकळा करा, भोंग्यासारखा. तो लाल झाला की तुमचं वीस मिनिटांचं दुखणं चार-पाच मिनिटांवर येईल. बर्नर मुशीच्या बुडाच्या पातळीवर आणि भिंतीला घासून जाईल असा तिरका बसवा. ज्वाला मुशीभोवती फिरली पाहिजे. सरळ मुशीवर आदळली तर मूस एकाच जागी झिजते.

छिद्रांचं कारण हायड्रोजन. जळणाच्या धुरात पाण्याची वाफ असतेच, वितळलेलं ॲल्युमिनियम तिच्यातून हायड्रोजन शोषतं. द्रवात तो जितका मावतो त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकाच घट्ट धातूत मावतो. साच्यात धातू गोठताना उरलेला बाहेर पडायला बघतो आणि तिथेच अडकतो. पावणेदोन तास धुरात ठेवलेला धातू आणि तासाभरात ओतलेला धातू यात फरक पडणारच. किंचित जादा हवेची ज्वाला ठेवा, ७५० अंशांच्या वर नेऊ नका, आणि भंगार ओलं किंवा तेलकट टाकू नका.

मूसवाला:

अडीच आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला. सोलेनॉइड त्याच दिवशी बसवला. त्यानंतर लाइट चार वेळा गेली, चारही वेळा डिझेल लगेच थांबलं.

नोझल तयार घेतलं. पाकळ्या पहिल्यांदा तीस अंशांत केल्या होत्या, ज्वाला लांब जाऊन पलीकडची भिंत चाटत होती. पंचेचाळीसच्या केल्यावर आखूड आणि जाड झाली. आवाज बदलला, आधी भुकभुक होती, आता एकसारखी घरघर. धूर सुरुवातीची पाच मिनिटं, तोही करडा. पहिली मूस आता एक तास दहा मिनिटांत ओतायला येते, तासाला सहा लिटर. म्हणजे बारा लिटरच्या जागी सात. दुसरी मूस त्याहून लवकर. भिंतीवर गड्डा नाही.

गेल्या खेपेच्या चाळीस पुल्यांत दोन परत आल्या. वडील खुर्ची टाकून पहिल्या दिवशी भट्टीपाशी बसले होते. झाकणाच्या भोकातून ज्वाला बघून म्हणाले, काजळी नाही म्हणजे पोरानं डिझेल जाळलं.

एकच शंका उरली. नोझलच्या तोंडाशी दिवसाच्या शेवटी काळी कड धरते. तारेने खरवडू का?

स्टोव्हदुरुस्ती:

तार नको. स्टोव्हच्या निपलातही जाड पिन घातली की भोक अंडाकृती व्हायचं आणि मग ज्वाला कधी सरळ यायची नाही. भट्टी बंद करताना आधी तेल बंद करा, कॉम्प्रेसरची हवा पाच मिनिटं चालू ठेवा आणि नोझल मागे ओढून घ्या. लाल भट्टीची धग त्याच्यावर राहते म्हणून आतलं उरलेलं डिझेल करपतं. तरी कड आलीच तर रात्री रॉकेलात भिजत घाला, सकाळी सुती फडक्याने पुसा.

मूसवाला:

मागे ओढायला पाइपात जागा आहे, आज कॉलर लावून घेतो.