मदत हवी आहे: घरच्या डायलिसिसच्या पिशव्या तळकोकणात वेळेवर कशा मिळवायच्या?

नमस्कार. आईचं (वय ६४) दीड वर्षापासून घरीच पेरिटोनियल डायलिसिस चालू आहे. आम्ही वैभववाडी तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून बरंच आत राहतो. आठवड्यातून तीनदा गाडी करून मशीनवरच्या डायलिसिसला जाणं तिला झेपेना, म्हणून डॉक्टरांनी पोटातून करायचा हा मार्ग सुचवला आणि तो तिला मानवला. दिवसाला तीन एक्सचेंज: पोटातलं आधीचं पाणी काढायचं, नवीन दोन लिटर सोडायचं, अर्ध्या-पाऊण तासात मोकळं. आई परत स्वयंपाकघरात वावरायला लागली आहे.

अडतंय ते सामानापाशी. महिन्याला ९० पिशव्या, म्हणजे १८० लिटर, खोक्यांसकट जवळजवळ दोन क्विंटल ओझं. डिस्ट्रिब्युटर कोल्हापूरचा. ट्रान्सपोर्टवाला माल तालुक्याच्या गावी उतरवतो, पुढे टेम्पो आणि हमाली आपली. पावसात घाटात दरड आली की गाडी अडकते, त्यात कोणाचा दोष नाही. पण बाकीचा त्रास पावसाचा नाही.

जूनमध्ये ६० पिवळ्या (१.५ टक्के साखरेच्या) आणि ३० हिरव्या (२.५ टक्के) मागवल्या होत्या. खोकी फोडली तर हिरव्यांच्या जागी केशरी, म्हणजे ४.२५ टक्क्यांच्या. फोनवर उत्तर मिळालं, "तीच कंपनी आहे, चालेल." चालत नाही हो! पिशवीत साखर जितकी जास्त तितकं अंगातलं पाणी जास्त ओढलं जातं. आईचा बीपी आधीच खाली असतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मला विचारल्याशिवाय केशरी लावायची नाही. बदलून यायला अकरा दिवस गेले. तोवर कोणती पिशवी कधी लावायची, हे रोज डॉक्टरांना फोन करून ठरवलं.

ऑगस्टमध्ये पिशव्या बरोबर आल्या, पण टोपणं ९० ऐवजी ६०. माहीत नसलेल्यांसाठी सांगते: प्रत्येक एक्सचेंजनंतर पोटाच्या नळीच्या तोंडाला आत आयोडिन असलेलं नवं टोपण लावावं लागतं. वापरलेलं पुन्हा लावायचं नाही, उकळूनही नाही, कारण जंतू आत गेला तर पोटात संसर्ग होतो. दोन क्विंटल माल घरात आणि एवढ्याशा टोपणासाठी माझा जीव टांगणीला. आई रोज सकाळी विचारायची, "बॉक्स इले काय गो?"

सांगा, तुम्ही घरात किती दिवसांचा साठा ठेवता? आमच्याकडे भिंतींना ओल येते, खोकी मऊ पडतात, म्हणून जास्त भरायला भीती वाटते. सिंधुदुर्गात घरापर्यंत पोचवणारं कोणी आहे का? आणि प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१९ मध्ये पेरिटोनियल डायलिसिसच्याही मार्गदर्शक सूचना आल्या, तर महाराष्ट्रात जिल्हा रुग्णालयातून पिशव्या मिळालेलं कोणी इथे आहे का? आमचा महिन्याचा खर्च आता भावाच्या पगाराला झेपत नाही.

प्रतिसाद १
ताई, वडिलांचं चार वर्षं केलं, साताऱ्याजवळच्या खेड्यात. पहिलं काम, फोनवर ऑर्डर देणं बंद करा. रंग, टक्के, नग आणि टोपणं वेगळ्या ओळीत लिहून त्याचा फोटो पाठवा आणि "मिळाली" असं उत्तर लेखी घ्या. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातच खोक्यावरचं लेबल वाचा, चूक असेल तर पावतीवर तिथल्या तिथे शेरा मारून घ्या. घरी आणल्यावर कोणी ऐकत नाही. आम्ही २० दिवसांचा माल शिल्लक असतानाच पुढची ऑर्डर द्यायचो.

प्रतिसाद २
ओलीसाठी: लाकडी फळ्यांवर खोकी रचा, भिंतीपासून वीतभर लांब, ऊन लागणार नाही अशी. आधी संपणारी तारीख पुढे ठेवा. पिशवीवरचं प्लास्टिकचं वेष्टन लावायच्या वेळेपर्यंत फोडू नका. पिशवी गळत असेल किंवा आतलं पाणी गढूळ दिसलं तर बाजूला काढून लगेच कळवा.

प्रतिसाद ३
ज्या कंपनीच्या पिशव्या आहेत तिच्यातर्फे पेशंटच्या घरी येणाऱ्या क्लिनिकल को-ऑर्डिनेटर असतात. सुरुवातीला आईला एक्सचेंज शिकवायला कोणी आलं होतं का? त्यांचा नंबर शोधा. डिस्ट्रिब्युटर ऐकेना तेव्हा आमचं काम त्यांनीच केलं. आणि दर सहा महिन्यांनी ट्रान्सफर सेट (पोटाच्या नळीला जोडलेली छोटी नळी) बदलायला दवाखान्यात जाता, तेव्हा टोपणांचा एक जादा बॉक्स विकत घेऊन ठेवा. आकाराने लहान, तारीखही लांबची असते.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. शिकवायला एक सिस्टर आल्या होत्या, आईच्या फाईलच्या मागच्या पानावर त्यांचा नंबर सापडला. त्यांनी टोपणांचे दोन बॉक्स एसटीच्या पार्सलने पाठवले, काल संध्याकाळी हातात आले. फळ्या उद्या सुतार आणून देतोय. जिल्हा रुग्णालयाचं मात्र अजून कोणी लिहिलेलं नाही. कोणाला पिशव्या तिथून मिळत असतील तर कोणते कागद लागले आणि कोणाला भेटायचं, तेवढं नक्की लिहा. सोमवारी मी ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, जाणार आहे.