मदत हवी आहे: गाडी टोटल लॉस झाली, आता सेकंडहँड पेट्रोल घेऊ की डिझेल?

नमस्कार मंडळी, गेल्या महिन्यात मागून ट्रकने ठोकलं, आम्ही सगळे सुखरूप आहोत हे महत्त्वाचं, पण चॅसी वाकली आणि इन्शुरन्सवाल्यांनी गाडी टोटल लॉस ठरवली. 9 वर्षं जिवापाड सांभाळलेली डिझेल होती, अजून वाईट वाटतं. मिळालेल्या पैशांत सेकंडहँडच बसतेय.

रनिंग म्हणाल तर रोज जाऊन येऊन 14 किमी, तेही सगळं ट्रॅफिकमध्ये, आणि महिन्यातून एकदा आईकडे, एका बाजूने 300 किमी. आधी ऑफिस लांब होतं म्हणून डिझेल परवडायचं. आता डीपीएफवाल्या (म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) डिझेलची भीती वाटते, कारण तो फिल्टर साफ व्हायला इंजिन नीट गरम होऊन गाडी थोडा वेळ सलग वेगात चालावी लागते, नाहीतर काजळी साठून चोक होतो. वर इंजेक्टर नाहीतर टर्बो गेला की मायलेजमध्ये वाचवलेलं सगळं एका फटक्यात जातं. पण फुल लोडवर चढ चढताना डिझेलचा जो टॉर्क मिळतो त्याची सवय झालीय हो.

तर महिन्यातली ती एक लांब ट्रिप डीपीएफला पुरेल का? पेट्रोलच घ्यायची तर टर्बो की साधं इंजिन? आणि कोणाची तरी टोटल लॉस झालेली गाडीच दुरुस्त करून माझ्या गळ्यात मारली जाऊ नये म्हणून वेल्डिंग, पॅनलमधल्या गॅप सोडून अजून काय बघू? डिझेल बघायला गेलोच तर स्कॅनर लावून काजळीचं प्रमाण कळतं ना? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी प्लीज सांगा.