मार्केटिंगचे कॉल बंद करायचेत, पण अनोळखी नंबर सगळेच बंद करता येत नाहीत

पाऊलवाट

गेले दोन महिने या कॉल्सनी नुसतं भंडावून सोडलंय. कर्ज हवंय का, कार्ड घ्या, विमा काढा, गुंतवणूक करा, दिवसाला दहा-बारा तरी येतातच. ब्लॉक केला की दुसऱ्या दिवशी शेवटचे दोन-तीन आकडे बदललेल्या नंबरवरून तेच सुरू. सगळे म्हणतात अनोळखी नंबर उचलूच नकोस, पण माझी अडचण अशी की बाबांची ट्रीटमेंट चालू आहे आणि हॉस्पिटलमधून कॉल दर वेळी वेगळ्याच नंबरवरून येतो, कधी रिसेप्शन, कधी लॅब, कधी डॉक्टर स्वतःच्या मोबाईलवरून करतात. परवा मीटिंग सोडून धावत बाहेर आले, छातीत धस्स झालेलं, हॅलो हॅलो करतेय तर दोन-तीन सेकंद पलीकडे काहीच नाही आणि मग "मॅडम, आपल्यासाठी एक खास ऑफर". तिथेच जिन्यात उभी राहून रडले, खरं सांगते.

फोन अँड्रॉइड आहे. अननोन नंबर ब्लॉक करायचं सेटिंग चालू करून पाहिलं, शून्य फरक. काय करू?

सुरंगी

त्या सेटिंगच्या नावाने भलेभले फसतात. तिथे अननोन म्हणजे तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये नसलेला नंबर नाही, तर ज्याने स्वतःचा नंबर लपवलाय, स्क्रीनवर नुसतं प्रायव्हेट किंवा अननोन दिसतं, तो. मार्केटिंगवाल्यांचा नंबर चांगला दिसत असतो त्यामुळे ते आरामात आत येतात.

त्याऐवजी गूगलचं फोन अ‍ॅप असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये कॉलर आयडी अँड स्पॅम आहे, तिथे फिल्टर स्पॅम कॉल्स चालू करा. आणि ब्लॉक करताना नुसतं ब्लॉक नको, रिपोर्ट अ‍ॅज स्पॅमवर पण टिक ठेवा, अशा रिपोर्टमुळेच तो नंबर इतरांच्या फोनवर स्पॅम म्हणून दिसायला लागतो.

आता तुमच्या खऱ्या अडचणीवर. डू नॉट डिस्टर्ब मोड लावा आणि त्यात फक्त कॉन्टॅक्टमधल्या लोकांचे कॉल वाजू द्या, पण रिपीट कॉलर्स हा जो पर्याय आहे तो चालू ठेवा. म्हणजे एकाच नंबरवरून १५ मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा कॉल आला की तो वाजतो, मग तो सेव्ह असो नसो. आयफोनमध्येही हीच सोय आहे, तिथे ३ मिनिटांच्या आत आला पाहिजे. हॉस्पिटलमध्ये सांगून ठेवा की नाही उचलला तर लगेच त्याच नंबरवरून परत लावा. काम असलेला माणूस परत लावतोच, कॉल सेंटरचं मशीन सहसा पुढच्या नंबरवर गेलेलं असतं. आम्ही आईच्या आजारपणात हेच केलं होतं.

आयफोनवाल्यांसाठी: सायलेन्स अननोन कॉलर्स २०१९ च्या आयओएस १३ पासून आहे, पण त्यात अनोळखी नंबर सरसकट गप्प होतात. आयओएस २६ मध्ये फोन स्वतःच समोरच्याला नाव आणि काम विचारतो आणि मग तुम्हाला वाजतो, ते तुमच्यासारख्यांना जास्त उपयोगी.

जुना_टेलिकॉलर

मी दोन वर्षं हेच काम केलंय, हेडसेट घालून दिवसभर. कंपनीचं नाव सांगत नाही. पण आतली गोष्ट सांगतो.

ते दोन-तीन सेकंद शांत का असतं? कारण नंबर आम्ही लावतच नाही, डायलर नावाचं सॉफ्टवेअर एका वेळी बरेच नंबर लावतं आणि जो उचलेल त्याला रिकाम्या एजंटकडे जोडतं. तुमचं पहिलं हॅलो ऐकायला पलीकडे माणूसच नसतो. एजंट रिकामा नसला तर कॉल आपोआप कट होतो, ते ब्लँक कॉल येतात ना, त्यातले बरेचसे हेच.

कॉल संपला की एजंटला स्क्रीनवर एक कोड निवडावा लागतो. उचलला नाही, कट केला, नंतर करा, इंटरेस्ट नाही, डीएनसी. यातले पहिले तीन पडले की तुमचा नंबर परत रांगेत जातो. लोक भिडेखातर "आत्ता बिझी आहे, नंतर करा" म्हणतात आणि तिथेच चुकतात, कारण एजंट प्रामाणिकपणे कॉलबॅक टाकतो आणि संध्याकाळी परत कॉल. शिव्या घातल्या तर आम्ही फोन ठेवायचो आणि कट केला टाकायचो, म्हणजे परत रांगेत. डीएनसी म्हणजे डू नॉट कॉल, तो टाकला की त्या कंपनीच्या यादीतून नंबर निघतो. म्हणून शांतपणे एकच वाक्य बोला, "माझा नंबर डीएनसीमध्ये टाका, मला परत कॉल नको", आणि कोणत्या कंपनीकडून बोलताय ते विचारून लिहून ठेवा. खरी कंपनी असेल तर फरक पडतो.

रेकॉर्डेड आवाज असेल तर मात्र हे नाही चालणार. "कॉल नको असल्यास ९ दाबा" म्हणाले तरी काही दाबू नका, फसवणूकवाल्यांना त्यातून एवढंच कळतं की या नंबरवर जिवंत माणूस आहे.

काजवा

डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे कॉल नकोत म्हणून नंबर नोंदवायची ती यादी, वगैरे सगळं थोतांड आहे. मी रजिस्टर करून वर्ष झालं, कॉल येतातच.

सुरंगी

काजवा, थोतांड नाही हो. यादी म्हणजे कुलूप नाही, नियम आहे. नियम पाळणाऱ्या कंपन्या यादी बघतात, चोर बघत नाहीत. पण यादीत नाव असलं की उरलेले कॉल कोणाचे हे तरी कळतं आणि तक्रारीला आधार मिळतो.

ज्याच्या त्याच्या देशाप्रमाणे: भारतात १९०९ वर कॉल करा किंवा इंग्रजीत स्टार्ट आणि पुढे शून्य असा मेसेज करा, सगळ्या कॅटेगरी बंद होतात. तक्रारही १९०९ वरच, कॉल आल्यापासून ७ दिवसांत, २०२५ च्या बदलाआधी हीच मुदत ३ दिवस होती. साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरात करणाऱ्याची तक्रार आता डीएनडी नसलं तरी करता येते. अमेरिकेत डू नॉट कॉल रजिस्ट्री २००३ पासून आहे, जो नंबर नोंदवायचा त्याच फोनवरून १-८८८-३८२-१२२२ ला कॉल करायचा, ३१ दिवसांनंतरही कॉल आले तर तक्रार. ब्रिटनमध्ये अशीच यादी म्हणजे टीपीएस, ती लागू व्हायला २८ दिवसांपर्यंत लागतात.

आणि ज्या कंपनीशी तुमचा व्यवहार आहे किंवा ज्यांच्या फॉर्मवर तुम्ही संमतीची टिक केलीय त्यांना बऱ्याचदा या यादीतून सूट असते. ती संमती वेगळी काढून घ्यावी लागते, अ‍ॅपमधून किंवा लेखी.

मेघमल्हार२२

एक राहिलंच. अनोळखी नंबरचं नाव दाखवणारी अ‍ॅप घेताना परमिशन नीट वाचा. काही अ‍ॅप तुमची अख्खी कॉन्टॅक्ट लिस्ट मागतात, म्हणजे आपल्या सोयीसाठी आपण दुसऱ्यांचे नंबर देऊन बसतो, त्यांना न विचारता. मला ते अजिबात पटत नाही. स्पॅम ओळखायचं काम फोनमधलं फिल्टर बऱ्यापैकी करतं.

आणि स्क्रीनवर दिसणारा नंबर खरा असेलच असं नाही, तो बदलून दाखवता येतो. त्यामुळे चिडून उलटा कॉल करून भांडू नका, तो नंबर एखाद्या बिचाऱ्या तिसऱ्याच माणसाचा असू शकतो. माझ्या आत्याला असे लोकांचे कॉल यायचे, "तुम्ही आम्हाला फोन का करता" म्हणून, आणि तिने कोणालाच केलेला नसायचा.

पाऊलवाट

आठ दिवस झाले म्हणून सांगायला आले. रिसेप्शनवरच्या ताईंकडे बसून त्यांचे, लॅबचे, वॉर्डचे मिळून सहा नंबर घेतले, ते सगळे एकाच कॉन्टॅक्टमध्ये टाकले आणि त्याला वेगळी रिंगटोन दिली. बाबांच्या फाईलच्या पहिल्या पानावर त्यांनी माझ्यासमोर पेनने लिहिलं, "फोन न उचलल्यास लगेच पुन्हा लावणे". डू नॉट डिस्टर्ब रिपीट कॉलर्ससकट चालू आहे. मंगळवारी डॉक्टरांनी त्यांच्या मोबाईलवरून केला, पहिला वाजला नाही, दुसरा वाजला, बोलणं झालं.

कॉल थांबलेले नाहीत, पण मिस्ड कॉलच्या यादीत पडून राहतात, ते संध्याकाळी बघून रिपोर्ट करते. काल एक मुद्दाम उचलला आणि डीएनसीचं वाक्य बोलले. पलीकडची मुलगी क्षणभर थांबली, मग म्हणाली, "हो मॅडम, टाकते".