सांगलीला भगिनी शहर मिळालं तर हळद-बेदाणा जास्त खपेल काय?

कृष्णाकाठ
भगिनी शहर म्हणजे दोन देशांतल्या शहरांनी केलेला मैत्रीचा करार. पुण्याचं कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेशी १९९२ पासून असं नातं. मुंबईचं योकोहामाशी १९६५ पासून. मग सांगलीनंच काय घोडं मारलंय? बेदाण्याला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, हळदीलाही २०१८ मध्ये मिळालं, तरी परदेशी गिऱ्हाइकाला सांगली नकाशावर शोधून दाखवावी लागते. महापालिकेनं आपला माल घेणारं शहर गाठावं. लंडन-पॅरिस नको. रॉटरडॅमसारखं बंदर बघा, युरोपला जाणारी आपली बरीच द्राक्षं तिथंच उतरतात.

पेठेतला
झालं, नगरसेवकांच्या दौऱ्याची सोय! फेटे बांधणार, गणपती मंदिराचा फोटो भेट देणार, येताना चॉकलेटं आणणार. असल्या करारानं आयात शुल्क एक पैशानं हलत नाही. यूएईबरोबरचा व्यापार करार मे २०२२ पासून लागू झाला तो दिल्लीनं केलेला, कुठल्या महापौरानं नव्हे. आणि पुण्याचं आयटी काय सॅन होजेच्या करारानं आलं? इंजिनीअरिंग कॉलेजांनी आणि तिकडं गेलेल्या पोरांनी आणलं ते.

तासगाव_बागायतदार
२०१० आठवतंय का? क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. तेव्हा कुठली भगिनी राखी घेऊन आली असती? आम्ही विरळणी करतो, मणी फुगवतो, घड कात्रीनं नीट करतो, आणि सगळं अडतं एका कागदावर, औषधाच्या अंशाच्या रिपोर्टवर. दोन वर्षांमागं माझ्या प्लॉटचा रिपोर्ट फेल आला. त्या दिवसापासून एक्स्पोर्टरनं फोन उचलणंच बंद केलं. माल पडेल भावानं गावातच गेला.

कृष्णाकाठ
दादा, तुमचीच गोष्ट माझ्या बाजूची आहे. फोन उचलणारा माणूस हवा होता ना? शुल्काचं मान्य. पण नवं गिऱ्हाईक आधी भरवसा बघतं, शुल्क नंतर. आपल्या हळदीच्या सौद्यात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, लाखांचा व्यवहार ओळखीवर. परदेशात तशी ओळख कोण करून देणार?

पेठेतला
रुमाल भरवशासाठी नव्हता ओ, शेजारच्याला भाव कळू नये म्हणून होता! आणि ओसाकानं २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोशी साठ वर्षांचं नातं एका पुतळ्यावरून तोडलं. जपान-अमेरिका व्यापार थांबला? जे तोडून काही बिघडत नाही, ते जोडून काय सुधारणार?

हरिपूरची_लेक
साठ वर्षांत लोक एकमेकांना ओळखायला लागले, म्हणून नाही बिघडलं. पण हार घालायचा करार मलाही नको. महाराष्ट्रानं २०१३ मध्ये जपानच्या वाकायामाशी केला, त्यात पर्यटनाबरोबर अन्नप्रक्रिया होती. वाकायामा म्हणजे संत्र्यांचा, उमे फळाचा मुलूख. फळवाल्यांनी फळवाल्यांशी बोलावं, तेवढंच. कृष्णाकाठ, महापालिकेला परराष्ट्र मंत्रालयाला विचारल्याशिवाय सही करता येत नाही, त्यात वर्ष जाईल. तोवर बोलणी मार्केट यार्डानं, बागायतदारांनी आणि टेस्टिंग लॅबवाल्यांनी सुरू करावीत. त्यांच्या खरेदीदाराला कुठला अंश किती चालतो, ते ऑक्टोबर छाटणीच्या आधी आपल्याला कळलं तरी पुष्कळ.

तासगाव_बागायतदार
ताई, छाटणीआधी यादी मिळणार असेल तर मी तुमच्याकडं. फेट्यांचा खर्चसुद्धा माझा.

पेठेतला
फेटे आले म्हणजे दौरा आलाच.