केगमधून अर्ध्याहून जास्त फेस आणि खाली मिळमिळीत बिअर: दाब, नळी की गळती?

ओहायोकर

मंडळी, घरी केलेली पाच गॅलन पेल एल (हॉप्सवाली सोनेरी बिअर) या वेळी बाटल्यांऐवजी केगमध्ये (दाबाखाली बिअर ठेवायच्या धातूच्या पिंपात) भरली आणि नळाशी सगळं अडलंय. आधी आकडे देतो, म्हणजे विचारपूस कमी होईल.

सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०५२, शेवटची १.०११, तीन दिवस लागोपाठ तीच. यूएस-०५ यीस्टचं साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट, ६६ अंश फॅरनहाइटला दहा दिवस. सहाव्या दिवशी २ औंस ड्राय हॉप (वासासाठी न उकळता घालायचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं), सुटेच टाकले. मग ३६ अंशांवर तीन दिवस थंड करून, बादलीचं झाकण उघडून सायफनने बॉल लॉक केगमध्ये (गॅस आणि बिअर अशा दोन झटपट जोडण्यांच्या) ओढली. केगला सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) ३० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबावर पंधरा मिनिटं हलवलं, तसंच ३० वर दीड दिवस ठेवलं, नंतर १० वर आणलं. डीप फ्रीझरला बाहेरून थर्मोस्टॅट लावलाय, ३८ अंशांवर, वर बिअरच्या नळाचा टॉवर आहे. बिअरची नळी किटबरोबर आलेली, ४ फूट, आतला व्यास ३/१६ इंच.

अडचणी तीन. ग्लासात दोन तृतीयांश फेस, आणि फेस बसल्यावर खालच्या बिअरमध्ये गॅसच नाही. दाब ५ वर आणून पाहिला, तर आणखी बिघडलं. दुसरी, ५ पौंडांचा भरलेला सीओटू सिलिंडर नऊ दिवसांत रिकामा. तिसरी, आता तीन आठवड्यांनी हॉप्सचा वास जवळजवळ गेलाय आणि सोनेरी रंग चहाकडे झुकलाय.

सातू

पहिल्या अडचणीचं सांगतो. सगळ्यात आधी तो ५ वर आणलेला दाब परत वर न्या. फेस आला की दाब कमी करायचा, हे जवळजवळ सगळेच करतात आणि त्यानेच दुखणं वाढतं.

बिअरमध्ये जेवढा गॅस मुरलाय तो मुरलेलाच राहायला एका ठरावीक तापमानाला एक ठरावीक दाब लागतो. ३८ अंशांना २.५ व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या अडीच पट) गॅस धरून ठेवायला साधारण १२ पीएसआय. तुम्ही रेग्युलेटर (सिलिंडरवरचा, दाब ठरवणारा) ५ वर आणला की केगमधला आणि नळीतला गॅस बिअर सोडून बाहेर यायला लागतो. दोन ग्लासांच्या मधल्या वेळात नळीकडे बारकाईने पाहा: बिअरमध्ये मध्येमध्ये बोटाच्या पेरएवढे रिकामे तुकडे दिसतील. तो बाहेर पडलेला गॅस. नळ उघडला की तोच आधी फसफसत येतो. तुमची बिअर मिळमिळीत लागते ती गॅस कमी भरलाय म्हणून नव्हे, सगळा गॅस फेसात निघून जातो म्हणून.

शिवाय तुमच्या केगमध्ये गॅस जास्तच भरला गेलाय. ३० पीएसआयवर हलवणं ही एक पद्धत, ३० वर दीड दिवस न हलवता ठेवणं ही दुसरी. तुम्ही दोन्ही केल्या. ३८ अंशांना ३० पीएसआयवर बिअर पूर्ण मुरली तर चार व्हॉल्यूमच्या आसपास जाते, आणि पेल एलला २.४ ते २.६ पुरेत.

उतरवायचं असं: गॅसची जोडणी काढा, झाकणावरचा रिलीफ व्हॉल्व्ह ओढून वरचा दाब पूर्ण सोडा, केग थंडच ठेवा. दोन-तीन तासांनी पुन्हा सोडा. दिवसभर हेच. व्हॉल्व्हमधून फेस यायला लागला तर थांबा, घाई नको. मग रात्रभर बंद ठेवून सकाळी गॅसच्या पोस्टवर (केगवरच्या जोडणीच्या तोंडावर) साधा गेज (दाबमापक) लावा. ३८ अंशांना ११ ते १३ दाखवला की झालं. पुढच्या वेळी सरळ १२ वर लावून दहा ते चौदा दिवस विसरून जा. घाईच असेल तर ३० वर २४ तास, न हलवता, आणि मग दाब सोडून १२.

आता नळी. केगमधल्या १२ पीएसआयपैकी बहुतेक दाब नळीतच जिरायला हवा, तोंडाशी एखादाच उरावा. केगच्या मध्यापासून नळ दोन फूट वर असेल तर तिथे १ पीएसआय जातो (फुटाला अर्धा). उरलेले १० नळीने खायचे. ३/१६ इंची व्हिनाइल नळी फुटाला ३ पीएसआय खाते असं तक्त्यांत असतं, म्हणून किटमध्ये चार फूट देतात. पण तो हिशेब बारसाठीचा, मिनिटाला एक गॅलन वेगाचा, म्हणजे साडेसात सेकंदांत पाइंट. घरी एवढा वेग कशाला? १० फूट लावा. पाइंट भरायला १०-१२ सेकंद लागतील आणि फेस दोन बोटांवर येईल. वेग फारच कमी वाटला तर अर्धा-अर्धा फूट कापता येते. आखूड नळी मात्र लांब होत नाही.

नळ नेहमी एका झटक्यात पूर्ण उघडायचा. अर्धा उघडला की अरुंद फटीतून बिअर घुसळली जाते आणि पुन्हा फेस.

कडूगोड

सातूंशी सहमत, एक भर घालतो. फेस पहिल्याच ग्लासाला येतो की प्रत्येक, हे आधी बघा. पहिला ग्लास फेसाचा आणि लगेच घेतलेला दुसरा ठीक, असं असेल तर दोष टॉवरचा. टॉवरमधली नळी आणि नळ खोलीच्या तापमानाला, ७० अंशांना असतात. ३८ अंशांची बिअर गरम पितळेला लागली की गॅस सोडतेच. कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा फ्रीझरच्या तळाशी ठेवून त्याला पाइप जोडा आणि पाइपचं दुसरं तोंड टॉवरमध्ये वरपर्यंत सरकवा. वर थंड हवा पोचली की निम्मं काम होतं.

थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) हवेत लोंबकळतोय का? तसा असेल तर ३८ हा हवेचा आकडा, बिअरचा नव्हे. फ्रीझरच्या तळाची आणि वरची हवा यांत बरंच अंतर पडतं. प्रोब केगच्या मध्यावर चिकटवून वरून फोमचा तुकडा बांधा आणि खातरजमेसाठी आत पाण्याचा पेला ठेवून दुसऱ्या दिवशी त्यात थर्मामीटर घाला.

आणि हॉप्स सुटे टाकलेत म्हणता. बिअरच्या पोस्टमधल्या पॉपेटमध्ये (स्प्रिंगच्या झडपेत) हॉपची एक पाकळी अडकली तरी तिथे बिअर फुटते आणि नळी सुरुवातीपासूनच पांढरी दिसते. दाब पूर्ण सोडून पोस्ट उघडा, पॉपेट धुवा. लांब डिप ट्यूबच्या (केगच्या तळापासून बिअर वर आणणाऱ्या नळीच्या) गळ्यातली बारीक ओ-रिंगही (रबरी कडी) बघा. ती चिरलेली असली तर वरचा गॅस थेट बिअरच्या वाटेत शिरतो, आणि मग नळी कितीही लांब करा, फेस येतच राहतो.

वायसर

सिलिंडरचं बघू. पाच गॅलन बिअर मुरवायला आणि पूर्ण ओतायला मिळून दीडशे ग्रॅमच्या आसपास सीओटू लागतो. ५ पौंड म्हणजे २२७० ग्रॅम. हवा काढण्यात वाया जाणारा धरूनही आठ-दहा केग निघायला हव्यात. नऊ दिवसांत संपला म्हणजे गळती, यात शंका नको.

उच्च दाबाच्या गेजवर जाऊ नका. आत द्रवरूप सीओटू असेतो तो काटा हलत नाही, फक्त तापमान दाखवतो: खोलीत ८५०च्या आसपास, फ्रीझरमध्ये ३८ अंशांना ५५०. सिलिंडर आत ठेवल्यावर काटा पडला म्हणून बरेच जण घाबरतात, ती गळती नव्हे. काटा खरोखर उतरायला लागतो तेव्हा द्रव संपलेला असतो. किती उरलाय ते वजनकाट्यावरच कळतं. मानेवर टीडब्ल्यू अक्षरांपुढे रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं, ते वजा करा.

शोधायची पद्धत: केग जोडू नका. नळ्या रेग्युलेटरला जोडून दाब २० वर आणा, सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, रात्रभर ठेवा. काटा उतरला तर दोष रेग्युलेटर, नळ्या किंवा क्लॅम्पमध्ये. नवी बिअर जोडून ही परीक्षा घेऊ नका, कारण ती स्वतःच गॅस पिते आणि काटा उतरतोच. नळ्या पास झाल्या तर रिकामी केग जोडून पुन्हा हेच.

माझा पहिला संशय सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या मधल्या वायसरवर. बऱ्याच रेग्युलेटरांना वेगळा नायलॉनचा वायसर लागतो, तो विसरला जातो किंवा जुनाच चेपलेला पुन्हा बसवला जातो. दुसरा संशय झाकणाच्या मोठ्या ओ-रिंगवर. कुकरच्या रिंगसारखंच तिचं: कडक झाली की बदलायची, बसवताना फूड-ग्रेड वंगणाचा पातळ हात फिरवायचा. झाकण बसवल्यावर ३० पीएसआयचा एक दणका द्या, म्हणजे ती नीट बसते. १० वर गळणारी झाकणं ३० वर गप्प होतात. मग साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर फवारा आणि मिनिटभर थांबून बघा. बारीक गळतीचा बुडबुडा मोहरीएवढा असतो आणि सावकाश वाढतो.

गळती सापडेपर्यंत सिलिंडर बंद, कोंदट तळघरात ठेवू नका. सीओटू हवेपेक्षा जड, खाली साचतो आणि माणूस गुदमरतो. हे मनापासून सांगतो.

मंद आच

वास गेला आणि रंग उतरला, हा प्राणवायूचा मार आहे. हॉप्सवाली बिअर त्याला सगळ्यात हळवी. आणखी दोन-तीन आठवड्यांत भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येईल, ती परत फिरत नाही. ही केग लवकर संपवा.

केगमध्ये भरल्यावर वरची हवा कशी काढलीत ते लिहिलं नाहीत. १० पीएसआय भरून तीनदा सोडलं तरी वरच्या जागेत चार टक्क्यांहून जास्त प्राणवायू उरतो (हवेत २१). ३० पीएसआयवर दर खेपेला तो एक तृतीयांश होतो, दहा खेपांत जवळजवळ नाहीसा. पण झाकण उघडून सायफन केल्यावर जो आधीच बिअरमध्ये विरघळला, त्याला ही युक्ती पोचत नाही.

म्हणून पुढच्या वेळी: १९ लिटर पाण्यात ३० मिली स्टार सॅन (जंतुनाशक), केग काठोकाठ भरा, झाकण लावा, ५ पीएसआय सीओटूने ते सगळं बिअरच्या पोस्टमधून बादलीत ढकला. आता केगमध्ये फक्त सीओटू. राहिलेला फेस तसाच राहू द्या, धुऊ नका. केगचा दाब पूर्ण सोडा, नाहीतर तो उलटा फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) जाऊन झाकण उडवेल. फर्मेंटर उंच ठेवा, त्याच्या तोटीची नळी काळ्या डिस्कनेक्टने (पोस्टवर बसणाऱ्या जोडणीने) बिअरच्या पोस्टला जोडा. करड्या डिस्कनेक्टची नळी गॅसच्या पोस्टमधून वर फर्मेंटरच्या एअरलॉकच्या (गॅस बाहेर सोडणाऱ्या, पाणी भरलेल्या झडपेच्या) भोकात. बिअर खाली उतरते तसा केगमधला सीओटू वर जाऊन तिची जागा घेतो, हवा कुठेच येत नाही. केग वजनकाट्यावर ठेवून १८ किलो भरले की तोटी बंद. गॅसची आखूड ट्यूब बुडाली तर बिअर गॅसच्या नळीत शिरते.

थंड करतानाही फर्मेंटर आत हवा ओढतो, एअरलॉकमधल्या पाण्यासकट. फर्मेंटेशनच्या सीओटूने फुगवलेला फुगा त्या भोकाला लावून ठेवा, तो आत ओढला जाऊ दे.

ओहायोकर

सगळ्यांचे आभार. वायसर खरंच नव्हता, रिकाम्या पिशवीत सापडला. १० फूट नळी मागवली आहे. एक राहिलं: बिअर किंचित गढूळ आहे, जिलेटिन घालावं का? पिणाऱ्यांत दोघं कट्टर शाकाहारी आहेत.

कडूगोड

मग नको. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांचं, आणि आइसिंग्लास माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचं. आयरिश मॉस हे समुद्री शेवाळ, ते उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत घालायचं, म्हणजे या खेपेला उशीर झाला. या केगला बर्फाळ थंडीत दहा दिवस न हलवता ठेवा, पहिला अर्धा ग्लास गाळाचा निघेल तो फेका. घाई असेल तर सिलिकाचं क्लॅरिफायर मिळतं, ते शाकाहारी. पण त्यासाठी केग उघडावी लागेल, आणि ती आता मी उघडणार नाही.

चिंचवडकर

वाचनीय धागा. हे पुण्यात घरी करता येईल का?

सातू

नाही. १९४९चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात लागू आहे, परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा. अमेरिकेत १९७८च्या केंद्रीय कायद्याने घरच्यापुरती मोकळीक मिळाली: एका प्रौढाच्या घरी वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, विक्री अजिबात नाही.

ओहायोकर, नवी नळी आली की केगच्या बाजूचं टोक मिनिटभर गरम पाण्यात धरून बार्बवर (जोडणीच्या दातेरी टोकावर) चढवा आणि क्लॅम्प आवळा. जुनी चार फुटी टाकू नका, केग धुताना नळ्यांतून पीबीडब्ल्यू (धुण्याची पावडर) फिरवायला ती कामाची.