विषय: लेकीचा रेझ्युमे जोडला आहे, कृपया पुढे पाठवा

प्रेषक: मेधा
प्रति: मंडळ यादी

नमस्कार मंडळी,

आमची लेक इथे अमेरिकेत येत्या मे महिन्यात इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन बाहेर पडतेय. ऑगस्टपासून अर्ज टाकतेय. बहुतेकांचं उत्तरच येत नाही, आलंच तर यंत्राने लिहिलेलं. कॉलेजच्या करिअर सेंटरमध्ये गेली, तर त्यांनी "लिंक्डइन करा, हँडशेक (कॉलेजच्या मुलांसाठीचं नोकऱ्यांचं संकेतस्थळ) भरा, इन्स्टाग्राम जरा आवरा" एवढं सांगितलं आणि मोकळे झाले.

आपल्या यादीवर मोठमोठ्या कंपन्यांतले इतके जण आहेत. रेझ्युमे सोबत जोडला आहे. कृपया आपापल्या एचआरकडे पाठवाल का? तिच्या लिंक्डइनवरच्या पोस्टनाही सगळ्यांनी लाइक करा, म्हणजे ती वर येईल असं म्हणतात.

आपली,
मेधा

---

प्रेषक: यादी व्यवस्थापक
विषय: पुन: लेकीचा रेझ्युमे जोडला आहे

मेधाताई, जोडलेली फाइल मी संग्रहातून काढली आहे. तिच्यात घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर होता, आणि आपला जुना पत्रसंग्रह सगळ्या आजी-माजी सभासदांना दिसतो. कोणाला रेझ्युमे हवा असल्यास थेट ताईंकडे मागावा. चर्चा चालू ठेवायला हरकत नाही.

---

प्रेषक: श्रीकांत
विषय: पुन: पुन: लेकीचा रेझ्युमे जोडला आहे

आमच्या वेळी प्लेसमेंट ऑफिसबाहेरच्या फलकावर मुलाखतींचा तक्ता लागायचा. नाव लिहायचं, टाय बांधायचा, आत जायचं. आता मुलं नोकरी शोधतात म्हणजे दिवसभर फोनवर बोटं फिरवतात. माझं ऐकाल तर तिला सगळी खाती बंद करायला सांगा. जे दिसतच नाही त्यावरून कोण नाकारणार?

श्रीकांत

---

प्रेषक: वैशाली
विषय: पुन: पुन: लेकीचा रेझ्युमे जोडला आहे

मेधाताई, श्रीकांतकाका,

मी एका विद्यापीठाच्या करिअर सेंटरमध्येच काम करते, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

> एवढं सांगितलं आणि मोकळे झाले.

राग रास्त आहे. मोठ्या विद्यापीठात एका समुपदेशकाच्या वाट्याला येणारे विद्यार्थी हजारांत मोजावे लागतात. पहिल्या भेटीत जे सांगितलं जातं ते सरसकट सगळ्यांना लागू पडेल असंच असतं. खरं काम दुसऱ्या भेटीत होतं, आणि दुसऱ्यांदा फार थोडी मुलं येतात. तिला "रेझ्युमे बघा" म्हणून परत पाठवू नका. "मला या तीन कंपन्यांत जायचंय, तिथे आपले कोण माजी विद्यार्थी आहेत?" असं विचारायला पाठवा. त्या प्रश्नावर आमच्यातला कुणीही खुर्ची पुढे ओढून बसतो.

हँडशेक आणि लिंक्डइन यांना एकाच मापाने मोजू नये. हँडशेक २०१४ मध्ये मिशिगन टेक या विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी सुरू केलं, कारण त्यांच्या आडबाजूच्या कॅम्पसकडे कंपन्या फिरकत नव्हत्या. तिथे येणाऱ्या कंपन्या मुळात कॉलेजातली मुलं घ्यायलाच येतात. म्हणजे तिथे दिसणाऱ्या जागेमागे बहुधा कुणीतरी "नुकती शिकून निघालेली मुलं हवीत" असं ठरवलेलं असतं. लिंक्डइनवर एका बटणाने अर्ज जातो, तो जगातल्या सगळ्यांचाच जातो. म्हणून अर्ज शक्य तिथे हँडशेकवरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या पानावरून करावा, आणि लिंक्डइन माणसं शोधायला वापरावं.

माणसं शोधायची कशी? लिंक्डइनवर तिच्या कॉलेजचं पान उघडायचं. तिथे माजी विद्यार्थ्यांचा एक वेगळा विभाग असतो. कुठे राहतात, कुठे काम करतात, कसलं काम करतात, काय शिकले, अशा चाळण्या लावता येतात. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग शिकून पुरवठा साखळीत शिरलेले कोण, इस्पितळांच्या कामकाजात गेलेले कोण, हे तासाभरात समोर येतं. पदवीचं पुढे नेमकं काय होतं हे मुलांना पहिल्यांदा तिथे कळतं. आमच्याकडे येणाऱ्यांतल्या बहुतेकांना हा विभाग ठाऊक नसतो, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

मग निरोप. अनोळखी माणसाला "माझा रेझ्युमे जोडला आहे, जागा असल्यास कळवा" असं लिहिलं की तो ते वाचून पुढे जातो, कारण त्याच्या हातात बहुधा जागा नसतेच. त्याच्या हातात असतो वेळ, तोही थोडा. निरोप इंग्रजीतच जाईल, पण आशय असा असावा: "मी आपल्याच विभागात शेवटच्या वर्षाला आहे. आपण उत्पादनातून नियोजनाकडे वळलात असं दिसलं. मीही तोच विचार करतेय. तो बदल करताना कुठलं कौशल्य कमी पडलं, हे पंधरा मिनिटं फोनवर विचारू का?" यात नोकरीचा उल्लेखही नाही. फोन नीट झाला तर "आमच्याकडे एक जागा निघतेय" हे समोरचाच म्हणतो. नाही म्हणाला तरी शेवटी विचारायचं, "आणखी कोणाशी बोलू?"

यामागे नुसता आमचा अनुभव नाही. १९७३ मध्ये समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी मांडलं होतं की नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा ओझरत्या ओळखीतून जास्त येते. जिवलगांना माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच ना! पुढे लिंक्डइनवर दोन कोटींहून अधिक लोकांवर पाच वर्षं चाललेले प्रयोग २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांतही नोकरी बदलायला सर्वाधिक उपयोग झाला तो मध्यम सैल ओळखींचा, म्हणजे अगदी घट्ट नाहीत आणि पुरत्या परक्याही नाहीत अशांचा.

आता ताई, तुमच्या दोन्ही विनंत्यांबद्दल. मंडळाच्या लोकांनी केलेल्या लाइकमुळे तिची पोस्ट मंडळाच्याच लोकांना दिसेल. आणि आईने पाठवलेला रेझ्युमे एचआरमध्ये कसा वाचला जातो हे मी इथे लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या. यादीचा उपयोग जरूर करा, पण तो असा: कोण कुठल्या क्षेत्रात आहे ते तुम्ही तिला सांगा, आणि पत्र तिने लिहावं. तुम्ही सीसीमध्येही राहू नका.

वैशाली

---

प्रेषक: ओंकार
विषय: पुन: पुन: लेकीचा रेझ्युमे जोडला आहे

वैशालीताईंनी शोधणाऱ्याची बाजू सांगितली. मी भरती करणाऱ्यांत बसतो, तर पलीकडची थोडी.

आम्ही लिंक्डइनवर प्रोफाइल वाचत बसत नाही, शब्द टाकून शोधतो. नावाखालच्या ओळीत "अमुक विद्यापीठाची विद्यार्थिनी, संधीच्या शोधात" असं असेल, तर त्यातला एकही शब्द कुणी शोधत नाही. त्या जागी शाखा, येणारी साधनं (एसक्यूएल, सिम्युलेशन, कॅड, जे खरंच येतं तेच) आणि कुठलं काम हवंय ते लिहावं. खाली प्रत्येक प्रोजेक्टबद्दल दोन ओळी: अडचण काय होती, तिने स्वतः काय केलं. "टीमसोबत काम केलं" यातून मला काहीही कळत नाही.

'ओपन टू वर्क'बद्दल विचारणा होतेच. त्यात दोन पर्याय आहेत. एकात फोटोभोवती हिरवी चौकट येते आणि ती सगळ्यांना दिसते, दुसऱ्यात फक्त भरती करणाऱ्यांना कळतं. विद्यार्थ्याने कुठलाही निवडावा, त्यात कमीपणा नाही. सध्या नोकरीत असलेल्यांनी मात्र दुसराच घ्यावा, आणि तोही स्वतःच्या कंपनीपासून शंभर टक्के लपून राहील असं धरून चालू नये. लिंक्डइन स्वतःच तशी हमी देत नाही.

श्रीकांतकाका, सगळं बंद करण्याबद्दल: २०१८ च्या करिअरबिल्डर या नोकऱ्यांच्या संकेतस्थळाच्या पाहणीत ७० टक्के कंपन्यांनी उमेदवारांची सोशल मीडियावरची खाती बघतो असं सांगितलं होतं. नाव शोधल्यावर काहीच सापडलं नाही, तर निदान माझ्या मनात तरी शंका येते की हा माणूस आहे तरी का. हल्ली खोटे उमेदवारही येतात.

आणि खोट्या नोकऱ्याही. हे मुलांना जरूर सांगा. लिंक्डइन किंवा इन्स्टाग्रामवर निरोप येतो, मुलाखत टेलिग्रामवर नुसती टाइप करून होते, लगेच ऑफर मिळते, मग "घरून कामाची उपकरणं घ्या" म्हणून चेक येतो आणि उरलेले पैसे 'विक्रेत्याला' पाठवायला सांगतात. चेक बँकेत जमा झालेला दिसतो, पण तो खोटा असल्याचं उघड व्हायला आठवडे लागू शकतात. तोवर मुलाने स्वतःच्या खिशातून पैसे पाठवलेले असतात, आणि बँक ते त्याच्याकडूनच वसूल करते. कंपनीचं नाव खरं असतं, निरोप पाठवणारा खोटा.

ओंकार

---

प्रेषक: श्रीकांत
विषय: पुन: पुन: लेकीचा रेझ्युमे जोडला आहे

बरं, खाती ठेवा. पण मुलाखतीत पासवर्डच मागितला तर? मागे असं वाचल्याचं आठवतं. आणि माझा भाचा एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे. करिअर सेंटर म्हणतं खाती खाजगी करा, त्याचे मित्र म्हणतात व्हिसासाठी उघडी ठेवा. खरं काय?

श्रीकांत

---

प्रेषक: वैशाली
विषय: पुन: पुन: लेकीचा रेझ्युमे जोडला आहे

काका, तुम्ही वाचलंत ते खरं आहे. मेरीलँडने २०१२ मध्ये त्याविरुद्ध पहिला कायदा केला, त्यानंतर कॅलिफोर्निया, इलिनॉय आणि बऱ्याच राज्यांनी केले. कुणी पासवर्ड मागितला, तर सभ्यपणे नाही म्हणून बाहेर पडावं. जे सार्वजनिक आहे ते मात्र कंपनी बघू शकते. बाहेरच्या संस्थेकडून रीतसर तपासणी करून घ्यायची असेल, तर आधी लेखी संमती घ्यावी लागते, आणि अहवालावरून नाकारण्याआधी त्याची प्रत द्यावी लागते. ती प्रत मागायला मुलं लाजतात. लाजू नये, तपासणीत चुकीच्या माणसाची माहिती येऊ शकते.

भाच्याचं: दोन्ही सल्ले आपापल्या जागी खरे आहेत, म्हणूनच गोंधळ होतो. नोकरीच्या दृष्टीने आम्ही "खाजगी करा" म्हणतो. पण जून २०२५ पासून एफ, एम आणि जे या विद्यार्थी व देवाणघेवाण व्हिसांच्या अर्जदारांना अमेरिकेचं परराष्ट्र खातं सगळी खाती सार्वजनिक ठेवायला सांगतं. तेव्हा व्हिसा मुद्रांकित करायला तो बाहेर जाणार असेल, तर त्या काळात सेटिंग व्हिसाच्या नियमाने ठेवायचं. प्रश्न व्हिसाचा असेल तेव्हा आमच्याकडे न येता आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या डीएसओकडे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावं. आमच्यातल्या काहींनाही हा फरक ठाऊक नसतो, हे नाइलाजाने सांगते.

आणखी एक, कारण तो लवकरच ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीवर जाईल. ओपीटीत बेरोजगारीचे एकूण ९० दिवसच चालतात. ती मुदत डोक्यावर असली की मुलं लिंक्डइनवर तारखा थोड्या मागेपुढे करतात, किंवा मित्राच्या स्टार्टअपमध्ये 'काम करतो' असं टाकतात. एसईव्हीपी पोर्टलवर (ओपीटीवरच्या मुलांनी नोकरीची माहिती भरायचं सरकारी संकेतस्थळ) दिलेला मालक आणि तारीख, रेझ्युमे आणि लिंक्डइन, तिन्हीकडे एकच असायला हवं. स्टेमची (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या शाखांना मिळणारी) २४ महिन्यांची मुदतवाढ घेताना मालक आय-९८३ या प्रशिक्षण आराखड्याच्या फॉर्मवर सही करतो, त्यात कामाचं वर्णन असतं. तेही प्रोफाइलशी जुळलं पाहिजे.

खाती घाईने उडवून टाकायचा विचार असेल तर त्याला थांबवा. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जाच्या फॉर्मवर मागच्या पाच वर्षांत वापरलेली खाती विचारतात, त्यात बंद केलेलीही येतात. काय काय वापरलं त्याची यादी त्याने आजच करून ठेवावी, टोपणनावांसकट.

वैशाली