शब्द हवाय: 'ग्लायकेशन'ला मराठीत काय म्हणाल?

नमस्कार मंडळी. मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या जोडप्यांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय, शुगर जास्त राहिली की गर्भधारणेवर काय परिणाम होतो त्याचं, आणि दोन दिवस ग्लायकेशन या एका शब्दावर अडून बसलेय. एका ठिकाणी 'शर्करीकरण' दिसलं, पण शुद्धीकरण म्हणजे शुद्ध करणं तसं शर्करीकरण म्हणजे साखर करणं असं नाही का वाटत? इथे प्रोटीनची साखर होत नाही, रक्तातलं ग्लुकोज आपोआप प्रोटीनवर जाऊन बसतं आणि ते प्रोटीन हळूहळू बिघडतं. सुचवा काहीतरी.

प्रतिसाद: ताई, मी लॅबमध्ये काम करतो. तीन महिन्यांची शुगर म्हणून जी एचबीएवनसी टेस्ट सगळे करतात ती याचीच मोजणी. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, तेवढ्या दिवसांत तिच्या हिमोग्लोबिनवर किती साखर बसली ते त्यात कळतं. मधुमेहींमधलं हे वेगळं हिमोग्लोबिन सॅम्युअल रहबर यांनी 1968 साली तेहरानमध्ये दाखवलं. आता शब्दाचं. जुन्या रिपोर्टांवर 'ग्लायकोसिलेटेड' छापलेलं असायचं, ते चूक होतं, कारण ग्लायकोसिलेशन वेगळं, त्यात एन्झाइम ठरलेल्या जागी साखर बसवतात आणि शरीराला ती हवीच असते. मूल होण्यासाठी लागणारी एफएसएच, एलएच ही हार्मोन्स आणि गरोदर आहे का बघायला घरी करतात त्या लघवीच्या टेस्टमध्ये जे दिसतं ते एचसीजी, ही सगळी साखर बसवलेलीच प्रोटीन्स आहेत, साखर काढली तर ती नीट कामच करत नाहीत. त्यामुळे पत्रकात 'प्रोटीनला साखर लागली की नुकसान' असं सरसकट कृपया लिहू नका.

प्रतिसाद: मग मराठीत फरक तयारच आहे की. मुद्दाम करतो ते जोडणं, आपोआप होतं ते चिकटणं. एकाला साखर जोडणं म्हणा, दुसऱ्याला साखर चिकटणं, संस्कृत शब्द घडवायची गरजच काय?

प्रतिसाद: मला 'करपणं' सुचलं. ही क्रिया फ्रान्सच्या मेलार्ड यांनी 1912 मध्ये मांडली आणि साताऱ्याचा कंदी पेढा तपकिरी होतो तो त्याच क्रियेने, खव्यातली साखर आणि प्रोटीन भाजताना एकत्र येऊन. शरीरात तेच होतं, फक्त आच मंद आणि वर्षं जास्त.

मी: कंदी पेढ्याचं उदाहरण घेते, पटकन कळेल. पण 'करपणं' नको वाटतं, आधीच घाबरलेल्या बाईला आपली अंडी करपली असं वाटायला नको. आणि हे बाईपुरतं नाहीच. मधुमेही पुरुषांच्या शुक्राणूंमध्ये डीएनए तुटल्याचं प्रमाण जास्त आढळलंय आणि त्यात या चिकटलेल्या साखरेचा हात असावा असं मानतात. म्हणून 'वंध्यत्व' शब्दही मला टोचतो, तो ऐकला की वांझ आठवतं आणि वांझ आपण फक्त बाईला म्हणतो, पुरुषासाठी जे शब्द आहेत ते नपुंसकतेचे, म्हणजे वेगळ्याच गोष्टीचे. मी 'मूल राहण्यात अडचण' लिहिलंय, दोघांना लागू पडतं.

प्रतिसाद: छान केलंत. पीसीओएसचं, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते त्या त्रासाचं, पण घाला. त्या मुलींच्या रक्तात ग्लायकेशनमधून शेवटी तयार होणारे हे पदार्थ जास्त सापडतात, अंगाने बारीक असल्या तरी, आणि घरचे मात्र वजनावरूनच बोलत राहतात, फार वाईट वाटतं ते बघून.

मी: घालते. सध्याचं वाक्य असं झालंय: 'रक्तात साखर जास्त दिवस जास्त राहिली तर ती प्रोटीनला चिकटते, अंडाशयातल्या कोलॅजेनसारख्या जास्त टिकणाऱ्या प्रोटीनमध्ये त्यामुळे गाठी पडतात आणि ती ताठर होतात.'

प्रतिसाद: बाकी सगळं ठेवा, 'गाठी' तेवढा काढा ताई. अंडाशयात गाठ म्हटलं की लोक थेट कॅन्सरवर जातात. 'धागे एकमेकांना चिकटून जखडले जातात' असं करून बघा.

मी: हो, ते लक्षातच आलं नव्हतं. 'जखडले जातात' घेतलं.